अंगण खरंच वाकडं होतं



'जुनं ते सोनं' ही म्हण मला फारशी मान्य नाही, हे आधीच सांगून टाकते. जुन्यात सोनं असतं तसं पुष्कळ भंगारही असतं. चूल जुनी होती म्हणून चांगली नव्हती, तिच्या धुराने आमच्या आईचे डोळे गेले. त्यामुळे पस्तीस वर्षांचं कपडे धुण्याचं यंत्र मी घरात दुरुस्त करून घेतलं, त्यातलं निम्मं काम स्वतः केलं, हे ऐकून कुणी "वा! जुन्याची किती माया!" असं म्हणायला लागलं, तर माझी थोडी पंचाईत होते. माया वगैरे काही नाही. हे यंत्र दुरुस्त होण्यासारखं होतं, म्हणून केलं. आणि दुरुस्त होण्यासारखी वस्तू फेकून देणं ही खासगी बाब राहिलेली नाही, सार्वजनिक चिंतेची बाब झाली आहे, असं माझं मत आहे. ते मांडण्यासाठी आजचा हा लेख. जरा लांबेल, पण तुम्ही सवयीचे आहात!

यंत्राची आधी ओळख करून देते. १९९० साली घेतलेलं, दोन टबांचं, म्हणजे ज्याला आपण सेमी ऑटोमॅटिक म्हणतो ते. एका बाजूला धुवायचं, दुसऱ्या बाजूला पिळायचं. त्या काळी माझा दोन-अडीच महिन्यांचा पगार त्यात गेला होता. अंग पत्र्याचं, रंग फिका निळा. खाली एक मोटर, तिच्यावरून पट्टा, पट्ट्याने फिरणारी चकती. शेजारी पिळणाऱ्या पिंपाची वेगळी मोटर. दोन चावीचे टायमर, घड्याळासारखे टिकटिकणारे. संपलं! आणि मागच्या पत्र्याच्या आतल्या बाजूला चिकटवलेला एक कागद, कुठली वायर कुठे जाते त्याचा नकाशा. कागद पिवळा पडला आहे, पण वाचता येतो. हा कागद लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

मी गिरगावात, ठाकुरद्वारच्या बाजूला, जुन्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहते. ह्यांना जाऊन सहा वर्षं झाली, मुलगा-सून डोंबिवलीला. यंत्र गेल्या पावसाळ्यात बिघडलं तेव्हा मुलाचा फोन आला, "आई, आता पुरे. इकडेच ये राहायला." मशीन बंद पडलं म्हणून माणसाने घर सोडावं? पण विचार केला तर त्याचं चूक नव्हतं. एकट्या म्हाताऱ्या बाईचं स्वतंत्र राहणं हे मोठ्या तत्त्वांवर चालत नाही. ते गॅसचा लायटर, गॅलरीतला दिवा, जिन्याचा कठडा आणि धुण्याचं यंत्र अशा चार-पाच गोष्टींवर चालतं. त्यातली एक गेली की मनगटं बोलायला लागतात आणि मग मुलांचे फोन सुरू होतात. म्हणून मला हे यंत्र चालू हवं होतं.

बिघाड असा होता. धुण्याच्या बाजूचा पट्टा सैल झाल्यामुळे चकती कुरकुरत फिरायची, आणि पिळणारं पिंप सुरू केलं की यंत्र अक्षरशः चालायला लागायचं. मोरीच्या कडेपासून निघून दोन मिनिटांत दारापर्यंत! खालच्या बिऱ्हाडाच्या छपराची माती पडायची ते वेगळंच. कंपनीचा माणूस आला. त्याने मागचा पत्रा काढलाच नाही. झाकण उघडून पिंप एकदा हाताने हलवलं आणि म्हणाला, "आजी, बेअरिंग गेलंय. या मॉडेलचं आता काही मिळत नाही. एक्स्चेंजमध्ये देऊन टाका." पाच मिनिटांच्या तपासणीचे पैसे घेतले आणि गेला. मला राग त्या मुलाचा आला नाही. त्याला दुरुस्ती शिकवलेलीच नव्हती, विक्री शिकवली होती.

मग मी लालबागला आमच्या भाऊजींना फोन केला. माझे मावसदीर. वय अठ्ठ्याहत्तर. परळच्या एका गिरणीत साचेखात्यात फिटर होते. १८ जानेवारी १९८२ ला डॉक्टर दत्ता सामंतांनी पुकारलेला संप सुरू झाला, तेव्हा अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार बाहेर पडले, त्यातले ते एक. परत आत गेले ते हिशेब घ्यायलाच. पुढची तीस वर्षं त्यांनी लालबाग-परळात पंखे, मिक्सर, शिवणयंत्रं, जे समोर येईल ते दुरुस्त करून संसार केला. संपावर पुष्कळ लिहिलं गेलं, नाटकं-सिनेमे आले. पण एका गोष्टीकडे फारसं कुणी पाहिलं नाही असं मला वाटतं. गिरण्या गेल्या तेव्हा जमिनी, नोकऱ्या तर गेल्याच, त्यांच्याबरोबर लाखो हातांतलं एक ज्ञानही विखुरलं. यंत्राला कान लावून रोग ओळखणारं ज्ञान. या शहराच्या मधल्या पट्ट्यात ते गल्लोगल्ली होतं. आज तिथे टॉवर आहेत, आणि टॉवरमध्ये नळ गळला तरी ॲपवरून माणूस बोलवावा लागतो.

भाऊजी आले. पिशवीत पाना, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर आणि एक लांब पारदर्शक रबरी नळी. पहिलं वाक्य, "वहिनी, प्लग काढा." दुसरं, "रिकामं चालवून बघितलंत का कधी?" नव्हतं बघितलं, कंपनीच्या माणसानेही नव्हतं बघितलं. आधी मागचा पत्रा काढला, आत सगळीकडे टॉर्च मारून झाला, कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते म्हणून तो आधी रिकामा केला (हे काम मात्र जाणत्यानेच करायचं, हौशी माणसाने नाही), मग पिंप हाताने सावकाश फिरवून त्याला कान लावला. म्हणाले, "बेअरिंग छान आहे. आवाज येत नाही. खाली बघा."

पिळणारी मोटर तीन स्प्रिंगांवर उभी असते. टेबलासारखी पक्की बसवलेली नसते, मुद्दाम डुलती ठेवलेली असते, कारण ओले कपडे पिंपात कधीच सारखे बसत नाहीत. त्या तीनपैकी एक स्प्रिंग गंजून बसली होती आणि तिच्याखालची रबराची वाटी फाटली होती. शिवाय यंत्राचा पुढचा डावा पाय गंजून निम्मा झाला होता. आणि तिसरं कारण यंत्रात नव्हतंच.

भाऊजींनी ती नळी काढली, तिच्यात पाणी भरलं आणि एक टोक मला धरायला दिलं. गवंड्यांकडे तुम्ही ही नळी पाहिली असेल. पाणी दोन्ही टोकांना एकाच उंचीवर उभं राहतं, मग मध्ये भिंत असो नाहीतर खांब. आपल्या भाषेत तिच्यासाठी पाणसळ असा सुंदर शब्द आहे. उभ्या रेषेसाठी ओळंबा, आडव्या रेषेसाठी पाणसळ आणि काटकोनासाठी गुण्या. या तीन शब्दांवर सगळ्या वाड्या आणि चाळी उभ्या राहिल्या. तर पाणसळीने काय सांगितलं? यंत्राच्या रुंदीएवढ्या अंतरात, म्हणजे साधारण पाऊण मीटरमध्ये, आमच्या मोरीच्या बाहेरची जमीन दोन सेंटीमीटरहून जास्त उतरलेली होती. पाणी मोरीकडे जावं म्हणून उतार मुद्दाम दिलेला असतोच. त्यात आमच्या चाळीची जमीन लाकडी तुळयांवरची, वर लादी. इतक्या वर्षांत तुळया मध्ये थोड्या वाकल्या. "नाचता येईना अंगण वाकडं" म्हणतात ना, इथे नाचणारीला बोल लावायचं कारणच नव्हतं. अंगण खरंच वाकडं होतं!

आता तुम्ही म्हणाल, दोन सेंटीमीटरने काय होतंय? मलाही तेच वाटलं होतं. मी मराठी आणि इतिहास शिकवलेली बाई. पण नात इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तिने कागदावर हिशेब करून दिला. पिंप मिनिटाला साधारण १३५० फेरे घेतं. पिंपाच्या मध्यापासून कडेपर्यंतचं अंतर ११ सेंटीमीटर. एका कडेला फक्त १०० ग्रॅम वजन जास्त झालं, म्हणजे एखादा ओला पंचा एका बाजूला बसला, तर तो सुमारे २२ किलो वजनाइतकी ओढ लावतो. आणि ही ओढ सेकंदाला बावीस वेळा गोल फिरते. वेग दुप्पट झाला की ओढ चौपट होते, हेही तिने बजावलं. म्हणजे यंत्राला क्षणात पुढे, क्षणात मागे कोणीतरी ढकलत असतं. चारही पाय जमिनीवर नीट दाबून बसलेले असतील तर ते हा धक्का पचवतात. एक पाय जरी अधांतरी असला तर यंत्र त्या पायावर आपटायला लागतं, आणि आपटत आपटत सरकतं.

चार पायांचीच ही भानगड आहे. तीन पायांचं स्टूल कुठेही ठेवा, डगमगत नाही, कारण तीन बिंदू एकाच पातळीत बसतातच. चौथा पाय आला की तंटा सुरू. म्हणून यंत्राला पुढचे दोन पाय आट्यांचे दिलेले असतात, फिरवून लांब-आखूड करता येणारे. आपल्याकडे सर्वत्र उपाय एकच, कागदाची घडी! मी घराघरांत पाहिलं आहे, फ्रीजखाली जुनी वही, कपाटाखाली पत्रिकांचे पुठ्ठे. कागद पहिल्या धुण्यात भिजतो आणि आठवड्यात दबतो.

आम्ही काय केलं ते क्रमाने लिहिते, कुणाच्या उपयोगी पडलं तर पडावं.

पहिलं, यंत्राची जागा बदलली. खोलीच्या मधल्या भागातून काढून भिंतीच्या जवळ आणलं. तुळईची टोकं भिंतीत रोवलेली असतात, तिथे ती कमी वाकते आणि कमी थरथरते. लाकडी जमिनीच्या घरात राहणाऱ्यांनी एवढं एक केलं तरी निम्मं काम होतं.

दुसरं, कडाप्प्याच्या दोन पट्ट्या आणल्या आणि सिमेंट-वाळूच्या थरावर बसवल्या, एका टोकाला थर जाड, दुसऱ्या टोकाला पातळ. वरची बाजू पाणसळीत. पट्ट्या उताराच्याच दिशेने ठेवल्या, म्हणजे सांडलेलं पाणी मधून मोरीकडे निघून जातं, अडत नाही. हे भाऊजींच्या लक्षात आलं, माझ्या आलं नसतं.

तिसरं, गंजका पाय बदलला. चारही पायांखाली नागदेवीहून आणलेले जाड रबराचे तुकडे ठेवले. मग यंत्र दोन समोरासमोरच्या कोपऱ्यांवर दाबून बघायचं. डुललं तर वर राहिलेला पाय फिरवून खाली आणायचा. डुलणं थांबलं की पायावरची दुसरी चाकी, जिला ते चेकनट म्हणतात, वर यंत्राच्या अंगापर्यंत घट्ट आवळायची. ही आवळली नाही तर महिन्याभरात कंपनाने पाय आपोआप फिरतो आणि पहिले पाढे पंचावन्न.

चौथं, तिन्ही स्प्रिंगा आणि वाट्या एकदम बदलल्या. एकच बदलली तर नवी ताठ आणि जुन्या सैल, पिंप पुन्हा तिरकं. धुण्याच्या बाजूचा पट्टा नवा, अडकणारा एक टायमर नवा, कपॅसिटर नवा, पाणी सोडायची नळी नवी. वायरी जोडताना तो पिवळा कागद समोर होता. तो नसता तर भाऊजीसुद्धा अडले असते, असं तेच म्हणाले. सगळे सुटे भाग लोहार चाळ आणि लॅमिंग्टन रोडवर दोन चकरांत मिळाले, दीड हजारांच्या आत. "या मॉडेलचं काही मिळत नाही" हे वाक्य आठवा! दोन टबांची यंत्रं आपल्याकडे आजही विकली जातात आणि त्यांचे बरेच भाग एकमेकांना चालतात, हे त्या मुलाला कुणी सांगितलं नव्हतं.

पाचवं, पत्र्याच्या खालच्या कडेचा गंज पॉलिश पेपरने घासून काढला, रेड ऑक्साइडचा हात दिला, वर तैलरंग. हे काम माझं. आतल्या टबाला पांढऱ्या क्षारांचा थर असेल असं वाटलं होतं, पण मुंबईचं पाणी तलावांचं, मऊ. तानसा-भातसाच्या कृपेने थर नव्हता. होता तो साबणाचा चिकटा, ब्रशने आणि कोमट पाण्याने निघाला.

सहावं आणि सर्वांत महत्त्वाचं, वायरमन बोलावून अर्थिंग तपासलं. जुन्या चाळींत तीन पिनांचं सॉकेट असतं, पण तिसऱ्या भोकाच्या मागे पुष्कळदा काहीच जोडलेलं नसतं. पाणी, पत्रा आणि वीज एकत्र असताना हा खेळ करू नका. ३० मिलिअँपिअरवर तुटणारा आरसीसीबी बसवून घेतला. बाकी सगळं वाचून विसरलात तरी हे एक विसरू नका.

पहिल्यांदा यंत्र रिकामं चालवलं, मग ओल्या चादरी घालून. झाकणावर भरलेला पेला ठेवला होता भाऊजींनी. पाण्यावर बारीक वलयं आली, थेंब सांडला नाही. त्यावर ते एवढंच म्हणाले, "साचा पण असाच बसवायचो."

आता मुद्द्याकडे येते, कारण विरुद्ध बाजूही मजबूत आहे आणि ती माझ्याच घरात राहते. सून म्हणाली, "आई, तुमच्या यंत्राला तुम्ही लागता. आमच्या यंत्राला कुणी लागत नाही." वाक्य बिनतोड आहे. दोन टबांच्या यंत्रात पाणी भरा, धुवा, पाणी सोडा, ओले कपडे उचलून दुसऱ्या बाजूला टाका, पुन्हा खळबळा. मध्ये मध्ये उभं राहावंच लागतं. सून सकाळी सात पाचची लोकल पकडते. तिला मी माझं यंत्र घे म्हणणार नाही. ज्याला जुनं हवं त्याने ते स्वतः चालवावं, दुसऱ्या बाईच्या कमरेच्या जिवावर जुन्याचं कौतुक करू नये. हा माझा नियम आहे, आणि घराघरांतल्या पुरुषमंडळींनी तो भिंतीवर लिहून ठेवावा!

१९९० पूर्वीची माझी सकाळ मला पाठ आहे. साडेचारला नळ यायचा, साडेसातला जायचा. त्या तीन तासांत सहा माणसांचं धुणं, पिंप-हंडे भरणं, डबे, आणि मग शाळा. पावसाळ्यात सतरंज्या पिळताना सासूबाई आणि मी दोघी दोन टोकं धरून उलट दिशांना पीळ घालायचो. यंत्र आलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "याला काय कॉलरीचा मळ कळणार?" पंधरा दिवसांनी त्याच शेजारणींना बोलावून दाखवत होत्या. स्वीडनचे डॉक्टर हान्स रोसलिंग यांचं २०१० सालचं एक गाजलेलं भाषण आहे, धुण्याच्या यंत्रावर. त्यांच्या आईने यंत्रात कपडे टाकले आणि वाचलेल्या वेळात ती लेकाला घेऊन वाचनालयात जाऊ लागली, असं ते सांगतात. मी ते ऐकलं तेव्हा परकं वाटलं नाही. तेव्हा यंत्राला नावं ठेवणाऱ्यांत मी नाही, नव्या यंत्राला तर नाहीच.

पण सुनेच्या वाक्याला एक पुढचा प्रश्न आहे. तुमच्या यंत्राला चालताना कुणी लागत नाही, कबूल. बंद पडल्यावर कोण लागतं? त्यांचं यंत्र मागे बंद पडलं, इलेक्ट्रॉनिक कार्ड गेलं म्हणून. कार्ड येईपर्यंत अठरा दिवस गेले. कार्डाची किंमत ऐकून मुलगा म्हणाला, यात थोडे घातले तर नवं येईल. पाच वर्षांचं यंत्र! त्याच्या आतल्या मोटरला, पिंपाला, पत्र्याला काही झालेलं नव्हतं. आणि त्या यंत्राच्या आत पिवळा कागद नव्हता.

शिवाय सगळ्या घरांना एकच औषध लागू पडत नाही. आमच्याकडे पाणी ठरावीक वेळी येतं. बादलीने भरता येणारं, खळबळलेलं पाणी पुन्हा पहिल्या धुण्याला किंवा मोरी घासायला वापरता येणारं यंत्र इथे मागासलेलं नाही, जागेला साजेसं आहे. पुढून उघडणाऱ्या यंत्रात तोल सांभाळायला काँक्रीटचे ठोकळे घातलेले असतात, साठ-सत्तर किलोंचा ऐवज. तो आमच्या तुळयांवर चढवायची माझी छाती नाही. ते यंत्र पाणी कमी घेतं, कपडेही जपतं, हे मी मान्य करते. डोंबिवलीच्या स्लॅबवर ते शोभतं. गिरगावात माझंच बरं.

तेव्हा भांडण जुनं विरुद्ध नवं असं नाहीच. उघडता येणारं विरुद्ध न उघडता येणारं, असं आहे. आणि त्यात नुसत्या ग्राहकाच्या शहाणपणाने भागणार नाही, कायदा लागतो. युरोपीय संघात १ मार्च २०२१ पासून धुण्याच्या यंत्रांचे ठरावीक सुटे भाग, त्या मॉडेलचं शेवटचं यंत्र बाजारात आल्यानंतर किमान १० वर्षं पुरवणं उत्पादकांवर बंधनकारक आहे. फ्रान्समध्ये त्याच वर्षीपासून यंत्रावर दुरुस्तीयोग्यतेचे दहापैकी गुण छापायला लागले. परीक्षेचे पेपर तपासण्यात आयुष्य गेलेल्या मला ही कल्पना फार आवडली! आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ ला दुरुस्तीच्या हक्काचं संकेतस्थळ सुरू केलं, आणि मे २०२५ मध्ये मोबाईल व इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुरुस्ती निर्देशांकाबद्दल एका समितीचा अहवालही आला. पावलं योग्य दिशेने आहेत. पण संकेतस्थळ म्हणजे माहिती, बंधन नव्हे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेले ई-कचऱ्याचे नियम धुण्याच्या यंत्रांनाही लागू आहेत, पण त्यांचा मुख्य भर भंगाराचं पुढे काय करायचं यावर आहे. वस्तू भंगारात जाऊच नये म्हणून काय, हा प्रश्न अजून अर्धाच विचारला गेला आहे.

माझ्या मागण्या साध्या आहेत. सुटे भाग दहा वर्षं मिळावेत. तो वायरींचा कागद प्रत्येक यंत्रात चिकटवावा, आणि महाराष्ट्रात विकताना मराठीतही असावा. तपासणीला येणाऱ्या माणसाने पत्रा उघडल्याशिवाय निदान सांगू नये. डॉक्टरकडून आपण निदान जीभ बघण्याची तरी अपेक्षा करतो की नाही?

आणि एक शिक्षिका म्हणून एक मागणी शाळेकडे. १९३७ साली वर्ध्याला गांधीजींनी नई तालीम मांडली, हाताने काम करता करता शिकावं म्हणून. तिचा दूरचा वारसा म्हणजे आपल्या शाळांतला कार्यानुभव. त्या तासाला बहुतेक ठिकाणी शुभेच्छापत्रं आणि कागदाची फुलं होतात. फुलांशी माझं वैर नाही. पण सातवी-आठवीच्या मुलामुलींना, दोघांनाही, तीन पिनांचा प्लग जोडणं, पाणसळ धरणं, चेकनट आवळणं का येऊ नये? दसऱ्याला गिरण्यांत यंत्रांची पूजा व्हायची, घरात आपण खंडेनवमीला हत्यारं पुजतो. वर्षातून एक दिवस झेंडू वाहायचा आणि उरलेले दिवस पाना हातात धरायचा नाही, ही कसली पूजा?

भाऊजी अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. त्यांच्यासारखे जे आहेत ते सगळे त्याच वयाच्या आसपासचे. त्यांच्या कानातलं ज्ञान कुठल्या पुस्तकात उतरलेलं नाही, आणि उतरवून घ्यायला फार वर्षं हातात नाहीत. म्हणून मी सध्या दर रविवारी नातीला त्यांच्याकडे लालबागला पाठवते. गेल्या रविवारी तिने टेबल पंखा उघडला. पुन्हा जोडल्यावर दोन स्क्रू उरले होते. भाऊजींनी तिला सगळा परत उघडायला लावला.

तुमच्या ओळखीत असा कुणी जुना फिटर, जॉबर, वायरमन असेल तर त्याच्याकडे घरातलं एखादं पोर जरूर पाठवा. आणि आज घरी गेल्यावर आपलं यंत्र दोन कोपऱ्यांवर दाबून बघा. डुललं तर कागदाची घडी शोधू नका, पाना शोधा.